दुसरा हात

माझ्या लहानपणी आमच्या डोंबिवलीच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोलले गेलेले शब्द म्हणजे "दुसरा हात". आईचे. मी डावरी. प्रसादाला हात पुढे केला की दुसरा हात. वरणभातात बोटं घातली की दुसरा हात. शेजारच्या काकूंची वाटी परत द्यायला निघाले की स्वयंपाकघरातून हाक, "दुसरा हात गं!" आई साताऱ्याकडची, भरल्या घरात वाढलेली. मुलीच्या डाव्या हाताचं खापर आपल्या वळणावर फुटेल याची तिला धास्ती. तिने हात कधी उगारला नाही, पण ते शब्द पुरेसे होते. शेवटी आमच्यात तह झाला. जेवण, देवाचं आणि देणंघेणं उजव्याने, बाकीचं काय ते डाव्याने. लिहायला तरी मिळालं म्हणून मी तो मान्य केला.

तरी एक बोचत राहिलं. आईने माझा डावा हात चालवून घेतला, पण तो तिला कधी आवडला नाही. पाहुण्यांसमोर सोफ्याचा फाटका भाग उशीने झाकतात, तसा ती तो झाकायची. तिने एकदा तरी त्याला आपलं म्हणावं, असं मला फार वाटायचं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईने आईकडे असलं काही मागायचं कसं? म्हणून मागितलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गोल्फमुळे. माझं ऑफिस ठाण्यात. दर हिवाळ्यात आमचे साहेबलोक एक दिवस गोल्फ खेळतात आणि सोमवारी मीटिंगला येतात तेव्हा निम्मे निर्णय हिरवळीवरच उरकून आलेले असतात. मागच्या वर्षी, पावसाळ्यातच, मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, यंदा तुम्ही पण या ना. स्कोअर लिहायला." माझं डोकं सणकलं. "खेळायलाच येते," म्हटलं. तोपर्यंत मी गोल्फची काठी फक्त टीव्हीवर पाहिलेली होती.

घोडबंदर रोडच्या एका सरावाच्या मैदानावर नाव घातलं. तिथल्या भाड्याच्या काठ्या सगळ्या उजव्या. गोल्फच्या काठीच्या टोकाला जो पंजा असतो तो एकाच बाजूने चेंडू मारतो. डावऱ्या माणसाने धरली तर चेंडूला त्याची पाठ लागते. शिकवणारा तरुण होता, अगदी गोड बोलणारा. "मॅडम, राइटनेच शिका ना. तसंही झीरोपासून सुरू करताय, काय फरक पडतो?" पुढचं 'या वयात' त्याने गिळलं, पण मला ऐकू आलं. मी म्हटलं, "फरक मला पडतो. काठी मी आणते."

म्हणायला सोपं. ठाण्यातल्या दुकानदाराने मान हलवली. "लेफ्टी कोण घेतं मॅडम? ऑर्डर टाकावी लागेल, वेळ लागेल." मला तेवढा धीर कुठला! मोबाइलवर जुन्या सामानाच्या जाहिराती उपसल्या आणि एक सापडली: 'गोल्फ सेट, वन लेफ्ट.' पत्ता कल्याणचा. रविवारी सकाळीच जाऊन धडकले. एका सज्जन काकांनी माळ्यावरून बॅग काढली, पुसली आणि काठ्या कॉटवर मांडल्या. सगळ्या उजव्या.

"अहो काका, ह्या तर उजव्या आहेत."

"मग? उजव्याच असतात."

"पण तुम्ही लेफ्ट लिहिलंय!"

"हो ना. दोन सेट होते. एक गेला, एक लेफ्ट आहे."

आतून काकूंचं हसू फुटलं. त्या बशीत गरम भजी घेऊन आल्या आणि मी पण हसत बसले. एकीकडे मात्र रागही येत होता. सगळ्या जगाचं सामान उजव्या हाताच्या मापाने होतं, आणि डाव्याचा शब्द सापडला तर तोही 'उरलेला' म्हणून.

मग निमूट ऑर्डर टाकली. सोबत हातमोजाही मागवला, आणि तिथे मी स्वतः माती खाल्ली. मी डावरी, म्हणून डाव्या हाताचा मागवला. तो बघून शिकवणारा तरुण पोट धरून हसला. गोल्फमध्ये मोजा उलट्या हातात घालतात. उजवी माणसं डाव्या हातात, डावरी उजव्या हातात. म्हणजे ज्या हाताने मी इतकी वर्षं प्रसाद घेतला, त्याला आता कातड्याचं पांघरूण मिळणार होतं. मोजा बदलून आणला.

काठ्या आल्या त्या नवरात्रात. आई आता माझ्याकडे ठाण्यात, माजिवड्यालाच असते. खंडेनवमीला तिने तिचं शिलाईमशीन, माझा लॅपटॉप, विळी-सुरी असं सगळं पाटाजवळ मांडलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या काठ्या पण आण. हत्यारच की ते." हळदीकुंकवाचं बोट घेऊन ती पंज्याशी थबकली. "हिचं तोंड कुठल्या बाजूला गं?"

"दुसऱ्या," मी म्हटलं. जरा मुद्दामच.

तिने काठी फिरवून बघितली, बरोबर सपाट बाजूला कुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं.

मैदानावर मात्र मी नमुनाच ठरले. उजवे खेळाडू रांगेत एकमेकांच्या पाठीकडे बघत उभे असतात. मी उलटी उभी राहायचे, त्यामुळे शेजाऱ्याच्या थेट तोंडासमोर. पहिल्या दिवशी शेजारचे आजोबा इतके अवघडले की त्यांनी वाकून नमस्कारच केला.

घरी हॉलमध्ये कागदाचे बोळे करून मी सराव करायचे. आई पोळ्या लाटता लाटता बघायची. एकदा म्हणाली, "सर सांगतात तर उजव्याने शिकावं की. चारचौघांत बरं दिसतं." माझा आवाज चढला. "आई, तुझ्यासाठी मी जन्मभर उजव्याने जेवले. हे एक तरी मला माझ्या हाताने करू दे." आईने पुढची पोळी लाटायला घेतली. त्या दिवशी जेवताना आम्ही भाजीच्या भावावर बोललो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर सोफ्याखालचे सगळे बोळे गोळा करून तिने एका परडीत भरून ठेवलेले.

स्पर्धेचा निकाल आधीच सांगून टाकते. मी शेवटून दुसरी आले. शेवटचे मोठे साहेब होते, त्यामुळे सोमवारची मीटिंग फार सुखाची झाली. डाव्या हातचा मळ आहे असं काही म्हणता येणार नाही, पण माझा एक चेंडू असा सरळ गेला की साहेबांनी मागे वळून विचारलं, "हा कोणाचा?"

पण मला आठवते ती त्या दिवशीची सकाळ. पहिला मोजा सरावात झिजला होता, हा नवा, कडक होता. घालून घालून सैल करा असं सांगितलेलं, म्हणून उठल्यापासून तो उजव्या हातात चढवून बसलेले. बॅग खांद्यावर घेऊन दाराशी आले, तर आई दह्याची वाटी आणि चमचा घेऊन उभी. डोंबिवलीत दर परीक्षेला जाताना ती हातावर दही घालायची तशीच. इतक्या वर्षांच्या सवयीने माझा उजवा हात पुढे झाला. काळं कातडं घातलेला. कातड्यावर दही कसं घालणार? मी जीभ चावली आणि मोजा काढायला लागले.

"राहू दे," आई म्हणाली. तिने चमचा वाटीत भरून घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"दुसरा हात."

मला आधी कळलंच नाही. मग मी डावा हात पुढे केला, जरा घाबरतच, आणि आईने त्यावर दही घातलं.