वाढीची मुडप

आमच्या कारखान्यात फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बोलायला वेळ नसतो आणि दिवाळीनंतर बोलण्याशिवाय काम नसतं. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. शाळा भरल्या, उरल्यासुरल्या ऑर्डरी गेल्या, की शिलाईच्या लाईनवरच्या चौदा बायका एकेक करून घरी बसतात. बऱ्याच जणी मग पुढचा हंगाम येईपर्यंत विड्या वळतात.

मी तिथं परदेशी ऑर्डरींचं बघते. एम.कॉम. आहे. सांगोल्याकडच्या आमच्या मेंढपाळ घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. लोक म्हणतात मिरवते. मिरवतेच.

टांझानियात शाळा जानेवारीत सुरू होतात, हे मीच शोधून काढलं होतं. म्हणजे तिकडची ऑर्डर मिळाली तर आमच्या बायकांचे नेमके रिकामे महिने भरणार. मालकांना हे एकदम पटलं. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि हिशेब चुकला की दोन्ही.

दार-एस-सलामचा एक व्यापारी मिळाला. माणूस बोलायला गोड. नमुन्याचा स्कर्ट बघून त्यानं लिहिलं, सगळं उत्तम, पण खाली आत एवढं कापड कशाला दुमडलंय? ते काढा. कापड वाचेल, स्कर्टही हलका होईल.

आपल्याकडं मुलींच्या स्कर्टला खाली चार बोटं कापड आत मुडपून ठेवतात. पोरगी वाढली की आई शिवण उसवते आणि लांबी सोडते. पाचवीतला माझा निळा स्कर्ट मी आठवीपर्यंत घातला. उसवलेल्या प्रत्येक मुडपीची एक गडद रेघ खाली राहायची. अशा दोन रेघा घेऊन मी वर्गात बसायचे, आणि उभं राहायची वेळ आली की दप्तर पुढं धरायचे. त्यामुळं व्यापाऱ्याचं पत्र वाचून मला बरंच वाटलं. परदेशातल्या पोरींना असल्या रेघा कशाला हव्यात? मी कुणालाही न विचारता होकार कळवून टाकला.

हातशिलाईच्या टेबलावर अक्का असतात. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या, पन्नाशीच्या पुढच्या, घरी अण्णांसारखंच तेलुगू बोलणाऱ्या. मुडप टाकायचं काम त्यांचं आणि त्यांच्या हाताखालच्या दोघींचं. मी सांगायला गेले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तिकडच्या पोरी वाढत न्हाईत का गं?"

"अक्का, तिकडं दरवर्षी नवीन घेतात."

"कोण म्हणलं?"

"व्यापारी."

"त्याला किती पोरी हायत?"

मी हसले आणि वर निघून आले.

पहिला माल नोव्हेंबरात गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्याचा निरोप आला: माल उठत नाही. तयार कपड्यावर इथं आयातीचा कर फार, म्हणून महाग पडतो. त्यापेक्षा तुमची मापं आणि तुमचं नाव मला द्या, मी इथंच शिवून घेतो. नाहीतर अर्ध्या भागीत इथंच कारखाना काढू.

बाहेरच्या देशात शिरायच्या वाटा आमच्या पुस्तकात पायऱ्यांसारख्या काढलेल्या असतात. सगळ्यात खाली, इथून नुसता माल पाठवायचा. मग तिथं एजंट नेमायचा. मग आपलं नाव दुसऱ्याला वापरायला द्यायचं. मग भागीदारी. सगळ्यात वर स्वतःचा कारखाना. परीक्षेत या पायऱ्यांवर मला चांगले मार्क होते, आणि ज्यात मार्क मिळाले त्यावर माणसाचा फार विश्वास बसतो. मी भागीदारीच्या बाजूनं बारा पानांचा अहवाल लिहिला.

अण्णांनी पानं उलटली. "म्हणजे शिलाई तिकडं."

"हो. इथून फक्त कापलेलं कापड जाईल."

"आणि लाईन?"

बारा पानांत लाईनवर एक ओळ होती. अण्णांनी ती वाचली आणि अहवाल मिटला. "सोमवारी ठरवू, मॅडम." मला ते मॅडम म्हणतात ते निम्मं कौतुकानं आणि निम्मं चिडवायला.

खाली फेब्रुवारीच्या तयारीला परतलेल्या बायकांना कुणीतरी सांगितलंच होतं. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यावरून उतरले आणि बोलणं थांबलं. एकीनं तेवढ्यात टोला मारला, "मॅडम, टांझानियात विड्या वळतात का बघा की, आमी बी येतो." सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. मी डबा घेऊन परत वर गेले.

शनिवारी मी गावी गेले. वडील आता मेंढरांमागं लांब जात नाहीत, पण पायातली चाल गेलेली नाही. बसल्या जागीही पाय हलत असतो. त्यांना कारखान्याचं कळावं म्हणून मी सोपं करून सांगितलं. नवा मुलूख आहे, तिथला एक माणूस या म्हणतोय, आता कितपत शिरायचं?

"तू इचारलंस कुणाला?"

"त्या माणसालाच की."

"त्यो तर या म्हननारच." ते तंबाखू मळत राहिले. "मी नव्या मुलखात कदी समदी मेंढरं घेऊन घुसलो न्हाय. आदी एकला जायचो. गावचा बागायतदार म्हनायचा, या की, बसवा मेंढरं माज्या रानात, लई चारा हाय. त्याला लेंडीखत पायजे आसतं गं. त्याचं बी चूक न्हाय. पन चारा हाय का न्हाय ते मी इहिरीवर इचारायचो. पानी भरनाऱ्या बायास्नी. त्यास्नी माज्याकडनं कायबी नको आसायचं."

"आणि त्या खरं सांगायच्या?"

"न सांगता बी कळायचं. त्यांच्या शेरडांच्या बरगड्या दिसायच्या की."

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा अहवाल पिशवीत होता, आणि तो बाहेर काढावासा वाटत नव्हता.

सोमवारी मी अण्णांकडं दोन दिवस मागितले. व्यापाऱ्याला लिहिलं, तुमच्याशी नाही, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक बघणाऱ्या बाईंशी बोलायचंय, गर्दीच्या वेळी, व्हिडिओवर. त्याला नवल वाटलं, पण त्यानं अडवलं नाही. कॉल लागताना मी अक्कांना वर बोलावलं. त्या केबिनमध्ये अण्णांसमोर पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या, अगदी कडेला.

दुकानातल्या बाईंनी फोन गल्ल्याजवळ टेकवून ठेवला. शाळा भरायचे दिवस, माणसांची रीघ. एक आई आली, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. तिनं आमचा स्कर्ट उचलला. कापड चोळून बघितलं, मान हलवली. मग स्कर्ट उलटा केला, खालची कड अंगठ्यानं चाचपली, काहीतरी बोलली आणि परत ठेवला. शेजारच्या गठ्ठ्यातला दुसरा घेतला, पातळ, रंगानं फिका. त्याची कड उलटून बघितली आणि पिशवीत टाकला.

"काय म्हणाली ती?" मी इंग्रजीत विचारलं.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हेच म्हणतात सगळ्या. कापड चांगलं आहे, पण पुढच्या वर्षी काय करू?"

मी मराठीत सांगायच्या आधीच अक्का म्हणाल्या, "वाढ बघितली तिनं."

पुढची आई आली. तिनंही कड उलटली. तिसरीनंही. मी टेबलाकडं बघत होते.

"ती मुडप मी काढायला लावली, अण्णा," मी म्हणाले. "तिकडं लागत नसेल असं मला वाटलं."

अण्णांनी खुर्ची अक्कांकडं वळवली. मग तेलुगूत अक्कांना काहीतरी विचारलं, अक्कांनी लांबलचक उत्तर दिलं, हातानं उंची दाखवत. मला त्यातलं एवढंच कळलं की माझी बारा पानं आता कुणाला नको होती. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं.

ठरलं ते असं. भागीदारी नाही, नावही द्यायचं नाही. शिलाई इथंच. पण स्कर्ट खालून मोकळा पाठवायचा, पूर्ण कापड ठेवून. दुकानाच्या पायरीवर एक शिंपी बसतोच. तो मुलीला समोर उभी करून तिच्या उंचीची मुडप टाकून देईल. एवढं जमत असेल तर थोडी महाग वस्तूही आया घेतील, असं दुकानातल्या बाईंचं मत पडलं. व्यापारीही कबूल झाला. त्याला शेवटी माल उठण्याशी मतलब.

लाईन वाचली. खाली बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र मनात मोजत होते: मुडप तिकडं गेली, म्हणजे रिकाम्या महिन्यांत अक्कांच्या टेबलाला काम नाही. तिघींना. ज्यांनी बाकीच्यांचं वाचवलं, त्यांचंच गेलं.

सांगायला मीच गेले. निदान तेवढं तरी माझ्याकडं लागत होतं. अक्का सुया डबीत लावत होत्या.

"अक्का, दिवाळीनंतर..."

"ठाऊक हाय. अण्णांना उंची दाखवत होते तवाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मुडप हितंच घाला म्हणू? तिकडच्या पोरीची उंची मला हितनं दिसती का?" त्यांनी डबी बंद केली. "मोकळ्या कडा गुंफायच्या त्या इंटरलॉक मशिनवर मला बसव. या दोघींना पण."

"तुम्हाला मशिनची सवय नाही. चष्मा लागतो तुम्हाला."

"तुला न्हाय लागत? तुला बसवलंच की अण्णांनी खुर्चीवर. चुकलीस तर काढली का?"

मी अण्णांकडं गेले आणि या वेळी अहवाल लिहिला नाही. उभ्या उभ्या सांगितलं. ते म्हणाले, मशिन एकच मोकळं आहे. मी म्हणाले, तिघी आळीपाळीनं शिकतील, दिवाळीला अजून नऊ महिने आहेत. ते म्हणाले, माल बिघडला तर? मी म्हणाले, पहिल्या मालापेक्षा जास्त बिघडणार नाही. यावर ते हसले, आणि मशिनच्या खोलीची चावी दिली.

पहिल्या दिवशी अक्कांनी चार स्कर्टांच्या कडा नको तेवढ्या कापून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तीन. मधूनच मशिनला तेलुगूत शिव्या देत होत्या, आणि त्या दोघी रांगेत उभ्या राहून आपली पाळी कधी येते म्हणून कुरकुरत होत्या.