बापाच्या नावाची घागर

बाप वारला त्या उन्हाळ्यात माझ्या मायला दोन बाजूंनी धमक्या आल्या, आणि दोन्ही पाण्यावरून. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बी.ए. झाले होते, आमच्या घराण्यातली पहिली. गप्प बसायची सवय मला तेव्हा नव्हती, पुढेही लागली नाही.

बाप धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. रुईची धूळ छातीत बसली आणि शेवटचं वर्ष तो नुसता खोकत राहिला. आमचं घर ख्रिस्ती, तेही बापापासूनच. त्याचं गणगोत पिंपळनेरकडचं, जुन्या देवांचं. माय रोज पहाटे चुलीपुढे अहिराणीत प्रभूची गाणी म्हणायची. बाप गेला आणि ते थांबलं. चूल पेटायची, भाकरी व्हायची, सूर मात्र नाही. "माय, प्रार्थना तरी कर," मी म्हणायचे. "कोनले सांगू?" एवढंच तिचं उत्तर. बापामागोमाग मायही चालली, असं मला वाटायला लागलं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्या भागात वर्षभरात गेलेल्या माणसाच्या नावानं अखाजीला नवी घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात. नाही भरली तर त्याची तिस, म्हणजे तहान, तिकडे भागत नाही, असा समज. बापाची थोरली बहीण, माझी फुई, त्यासाठी आधीच एसटीनं येऊन ठेपली.

"मना भाऊ तठे पानीबिगर बठेल शे," ती मायवर कडाडली, "नि तू आठे येशू येशू करी राहिनी! घागर भर, नहीतं भाऊबंद तुना दारात पाय ठेवाव नही."

हे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते सायकलवरून आले, खाली उतरलेही नाहीत. "बाई, घागर भरणार असाल तर प्रभुभोजन मिळणार नाही. आधीच सांगतो."

माझं डोकं सणकलं. बाप खोकत होता तेव्हा ह्याच फुईनं क्षयाच्या भीतीनं आमच्या घरचा पेला तोंडाला लावला नव्हता. ह्याच पाळकसाहेबांनी नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरून प्रार्थना उरकली होती. जित्या माणसाच्या ओठाला चमचाभर पाणी लावायला कोणी आलं नाही, आणि मेलेल्याच्या पाण्यावर दोघांचा हक्क! मी हे पाळकसाहेबांना तोंडावर ऐकवलं.

"शिकलीस म्हणून फार बोलतेस, पोरी."

"शिकले म्हणून नाही. बाप माझा होता म्हणून."

अखाजीच्या सकाळी माय कुंभारवाड्यातून नवी घागर घेऊन आली. फुई खूश. तिनं डांगर पुढे केलं. मायनं ते घेतलंच नाही. घागर भरून डोक्यावर घेतली आणि सरळ पारोळा रोडला निघाली. तिथं लिंबाखाली माहेरी निघालेल्या लेकीबाळी पोरं कडेवर घेऊन एसटीची वाट बघत तापत होत्या. मायनं घागर तिथं टेकवली.

"माय, हे काय?"

"तुना बाप येशूजोडे शे. तठे ना खोकला, ना तिस," ती म्हणाली. "तिस आठे शे. पेला दे."

बाप गेल्यापासून तिच्या तोंडून येशूचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी फुई आली, पाणी प्याली आणि "पोचनं मना भाऊले" म्हणत डोळे पुसले. मायनं तिला आणखी एक पेला दिला. मग घामाघूम पाळकसाहेब खात्री करायला आले.

"हे मेलेल्याला पाणी नाही ना?"

"जितासले शे, साहेब. प्या."

प्याले. पोटभर प्याले. आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट मायला ओलांडून शेजारच्या बाईपुढे नेलं. अख्ख्या मंडळीनं माना खाली घातल्या. मी ताडकन उठले, तर मायनं माझा पदर ओढला. "बठ. ताट साहेबना हातमा शे, प्रभू नही."

गाणं सुरू झालं आणि माय गायली. मोकळ्या, चुलीपुढच्या आवाजात. पेटीवाल्यालाही तिच्यामागून जावं लागलं.

त्या ओलांडलेल्या ताटाचा राग मी आजही सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. मायला त्याचं काही नव्हतं. उपासना सुटल्यावर ती कोणाशी न बोलता लिंबाकडे निघाली, गुणगुणत. उन्हं चढली होती, आणि अखाजीपासून रोजच्यासारखी सकाळी तिथं भरून ठेवलेली घागर एव्हाना रिकामी झाली असणार होती.