रबराचा बुश

गाडी दुरुस्त झाली की तुळशीराम मिस्त्री ती स्वतः कधी चालवून बघत नसत. हात पुसत माझ्या दुकानासमोर उभे राहत आणि म्हणत, "चला दिगूशेट, तुमचे पाय नवेच हायेत." उदगीरला जळकोटच्या रस्त्यावर माझे बॅटरी चार्जिंगचे दुकान त्यांच्या गॅरेजला लागून होते. शेट म्हणावे असे माझ्यापाशी काही नव्हते. मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारी डावा पाय ताणून, डोळे मिटून ऐकायचे, असा आमचा रिवाज. मी क्लच जरा घाईने सोडला की डोळे न उघडता म्हणत, "क्लच हाय तो शेट, विंचू न्हाई."

माझ्या ड्रायव्हिंगविषयीचे त्यांचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. तरुणपणी ते नांदेड-हैदराबाद मार्गावर ट्रक चालवत. पुढे जॅक सरकून डावा गुडघा जीपखाली सापडला आणि वाकायचाच बंद झाला. गुडघा वाकत नाही तर क्लच दाबता येत नाही. तेव्हापासून ड्रायव्हरची सीट त्यांच्यासाठी संपली. दुरुस्तीपुरतेही ते त्या सीटवर बसत नसत, दारातून वाकून आत हात घालत. स्वभावाने गोड होते असे काही मला म्हणवत नाही. गिऱ्हाइकाने गडबड केली की तोंडावर सांगत, "घाई हाय का? मग बैलगाडी आणा."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाने पुन्हा दगा दिला होता. जिल्हा आला, पाणी गेलं, असे लोक म्हणत. आमच्या गावातल्या एका वकीलसाहेबांच्या वडिलांनी कधी काळी हैदराबादेत एका नवाबाच्या लिलावातून लांबलचक अमेरिकन गाडी आणली होती. बरीच वर्षे ती गोठ्यात कडब्याच्या गंजीआड पडून होती. त्या साली कडबा संपला आणि गाडी दिसू लागली. नव्या जिल्ह्याच्या कोर्टात मोटारीने जायचे वकीलसाहेबांनी मनावर घेतले आणि गाडी बैलांकडून ओढत गॅरेजात आणली.

गाडी ऑटोमॅटिक होती. गियरची दांडी स्टिअरिंगखाली होती, पण तिथून खाली गियरबॉक्सला जाणारी सळई गंजून तुटली होती. वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, हे लचांड काढून टाका आणि जीपचा साधा गियरबॉक्स बसवा."

मिस्त्रींनी दारातून वाकून पाहिले, मग हाताने पेडले चाचपली. "क्लच कुठं गेला ह्याचा?"

"त्याला नसतोच."

मिस्त्रींनी पेडले पुन्हा एकदा मोजली. ज्या माणसाने कधी कुणाच्या मिनतवाऱ्या केल्या नाहीत, तो हलक्या आवाजात म्हणाला, "वकीलसाब, पुढच्या तारखेपत्तूर दम धरा. न्हाई जमलं तर मीच काढून टाकतो." त्यांच्या ताणलेल्या पायाकडे माझे लक्ष गेले आणि मला सगळे उमगले.

त्यांनी सळई नवी घडवली. तिच्या जोडात खडखड होऊ नये म्हणून बसणारा बुश, म्हणजे छोटे कडे, कुठे मिळेना, तेव्हा जुन्या टायरचे रबर कापून तो केला. राहिले सळईची लांबी जुळवणे. वर दांडी ज्या खाचेत, त्याच खाचेत खाली गियरबॉक्सचा खटका हवा. दांडीजवळची गियरची अक्षरे तर पुसूनच गेली होती. "देवणीचा बैल हाय ह्यो," ते मला समजावत, "हाणायचा न्हाई, निस्ता कासरा धरायचा."

ट्रायलच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली नाही. पाय आधी आत सारून स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडीचे तोंड गॅरेजाकडे होते आणि मागे पाण्याच्या टँकरची जागा होती. बायका सकाळीच घागरी रांगेत मांडून घरी जात. जिला घागर अडकवून ठेवणे परवडत नसे, ती आपल्या नावाचा दगड नाहीतर तुटकी चप्पल ठेवी. मिस्त्रींच्या हिशेबाने गाडी न्यूट्रलमध्ये होती. किल्ली फिरवली तशी ती जोराने मागे गेली आणि रांगेवरून सरळ पलीकडे निघाली. फरक एका खाचेचा होता: वर न्यूट्रल, खाली रिव्हर्स.

बायका धावत आल्या. "पानी तर न्हाईच, आता भांडं बी ठिवत न्हाईस व्हय रे?" रांगेत पहिला नंबर असलेली गिरजाबाई ओरडली. घागरींपेक्षा मोठे भांडण दगडांचे होते, कारण कुठला दगड कुणाच्या पुढे होता हे आता कुणीही सांगू शकत नव्हते. मिस्त्री उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्या घागरी गॅरेजात नेल्या आणि एकेक ठोकून सरळ करत बसले. बोभाटा ऐकून वकीलसाहेब आले आणि म्हणाले, "पुरे झालं, मिस्त्री. काढा ते."

मिस्त्रींनी मान खाली घालून "हाव" म्हटले. इतके पडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते, आणि मला फार वाईट वाटले. गिरजाबाई आपली घागर उन्हाला धरून भोक शोधत होती. ते काही सापडले नाही. "चालवू द्या की वो त्यास्नी," ती वकीलसाहेबांना म्हणाली. "एकडाव चुकलं. घागरी तर झाल्या न्हवं नीट."

वकीलसाहेबांनी आणखी एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी, सळई एक खाच सरकवून, मिस्त्री गाडी चालवत जळकोटला गेले आणि परत आले. शेजारी मी होतो. गॅरेजपाशी थांबून त्यांनी विचारले, "आवाज आला का काई?"

"नाही."

"मग बेस हाय," म्हणाले आणि डोळे पुसले.

रबराचा बुश दोन-अडीच महिन्यांत झिजे. दांडी खडखडू लागे, वकीलसाहेब गाडी आणून सोडत, मिस्त्री नवे रबर कापत आणि ट्रायल म्हणून जळकोटला जाऊन येत. मी एकदा लातूरला लेथवर पितळेचा बुश करून आणला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, "लई झाक हाय," म्हणाले आणि नटबोल्टच्या डब्यात टाकला. पुढच्या वेळी पुन्हा रबरच कापले. तेव्हा मी समजलो आणि पितळेच्या बुशाचे वकीलसाहेबांना काही सांगितले नाही. वकीलसाहेबांना मोटारीतले ओ का ठो कळत नाही, असे मला वाटे.

अशी काही वर्षे गेली. मग मिस्त्री साध्या तापाचे निमित्त होऊन नांदेडच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या मुलाला या धंद्यात रस नव्हता. त्याने हत्यारे विकली आणि नटबोल्टचा डबा तेवढा माझ्याकडे ठेवून गेला.

पुढे एके दिवशी वकीलसाहेब गाडी घेऊन माझ्या दारात आले. दांडी खडखडत होती. "दिगंबर, तो पितळेचा बुश आहे ना रे अजून?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारले.

"तू आणलास त्याच आठवड्यात मिस्त्रींनी मला दाखवला होता. बसवू का म्हणून विचारलं. मीच म्हणालो, राहू द्या डब्यात." मग ते म्हणाले, "आता बसवून टाक."

मी बसवला. दांडीचा आवाज बंद झाला. आता ट्रायल घ्यायची होती. वकीलसाहेब शेजारच्या सीटवर जाऊन बसले, म्हणून मी स्टिअरिंगमागे बसलो. गाडी सुरू केली, आणि डावा पाय कुठे ठेवावा ते मला कळेना.