क्वाडला लावलेलं खोबरेल

इकडे आखातात, अल ऐनला माझ्या मालकीची एक जुनी क्वाड बाइक आहे, चार जाड चाकांची, वाळूत पळणारी. तिची दुरुस्ती मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण इंजिन मला कळतं.

मागे एकदा सीटखालच्या हवेच्या फिल्टरचा फोम धुतला आणि बघतो तर त्याला लावायचं तेल संपलेलं. बायकोने गावाहून खोबरेल पाठवलं होतं, तेच चोपडलं. गाडी छान पळाली. इंजिन तापलं तसा सीटखालून बायकोच्या केसांचा वास यायला लागला. तिला बघून दोन वर्षं झाली होती. मी उगाच अंधार पडेपर्यंत फिरत राहिलो.

पुढे थंडी पडली आणि एका सकाळी गाडी सुरूच होईना. प्लग बदलला, पेट्रोल तपासलं. शेवटी फिल्टर उघडला, तर खोबरेल थिजून फोम गच्च बुजलेला. हवा जाणार कुठून?

बायकोला फोनवर सांगितलं.

"अहो, डोक्याचं तेल यंत्राला? आणि म्हणे मिस्त्री!"

"चालली की इतके दिवस!"

"बरं, आता धुवा ते. आणि घरी या एकदा."

फोम धुतला, बाजारातून बरोबर तेल आणून लावलं. गाडी लगेच सुरू झाली. इंजिन तापेपर्यंत मी सीटजवळ वाकून उभा राहिलो. पेट्रोलशिवाय कसलाच वास आला नाही.