येसाजीनं बांधलेला दोर

कॅसलरॉकच्या खालच्या रानात कुणब्यांची एक लहानशी वाडी होती. येसाजी तिथला. अंगानं दणकट, बोलायला मात्र कमी. भाताची मळणी उरकली की तो ठेकेदाराकडं ओंडके ओढायच्या कामावर जाई. दोराची विद्या तो तिथंच शिकला. केवणीच्या झुडपाची साल ओढ्यात कुजवायची, कुटायची, तिचे पेड वळायचे, हे सगळं त्याच्या हातचं. त्यानं वळलेला दोर ओला झाला तरी पीळ सोडत नसे.

वाडीच्या वर डोंगरात एक गुहा होती. वाकून आत शिरलं की मोठं दालन लागे आणि त्याच्या टोकाला जमीन एकदम तुटून खाली खोल खड्डा होता. त्याला कोंड म्हणत. कोंडाच्या तळाशी वाडीचा देव होता, एक पांढरा, बारमाही ओला दगड. शिवरात्रीला कुणीतरी दोरावरून उतरून त्याच्यापुढं दिवा लावायची रीत होती. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी पुरुषमंडळी सकाळीच गुहेत जाऊन तालीम करत. दोर कुठं अडकवायचा, किती सोडायचा, खालून हाक आली की कुणी ओढायचं, हे सगळं करून बघत. बाया भाकऱ्या घेऊन गुहेच्या तोंडाशी बसत. दिवस मजेत जाई.

दोर बांधायचा येसाजीनं आणि उतरायचं त्याच्या धाकट्या भावानं, कृष्णानं. कृष्णा हलका, चपळ, सतत काहीतरी गुणगुणणारा; येसाजीला तो अण्णा म्हणे. येसाजी स्वतः कधी कोंडात उतरला नव्हता. त्याला खालच्या अंधाराची भीती वाटे, आणि हे फक्त कृष्णाला ठाऊक होतं.

विलायतेत मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला, तालमीच्याच दिवशी, येसाजीनं दोर कोंडाच्या काठावरच्या नेहमीच्या दगडी सुळक्याला गुंडाळला. सुळक्याला आतून भेग गेली होती, ती वरून दिसत नव्हती. कृष्णा निम्म्यावर असताना सुळका मुळातून मोडला आणि तो तळाशी कोसळला.

घोंगड्यात घालून त्याला वर काढलं. लोंढा गावचा हाडवैद्य येऊन गेला. कृष्णा जगला, पण कमरेखाली जीव राहिला नाही.

येसाजीला कुणी दोष दिला नाही. त्यानं मात्र दोर वळायचं सोडलं. स्वतःच्या आधी तो भावाचं शेत नांगरी, त्याच्या मागच्या दाराशी लाकडं आणून टाकी, पण ओटीवर चढत नसे. कृष्णा आतून हाक मारी, तेव्हा अंगणातूनच "कामं हाईत" म्हणून निघून जाई. शिवरात्रीचा दिवाही आता कोंडाच्या काठावरच लागू लागला.

अशी काही वर्षं गेली. कृष्णा बसल्या जागी बांबूच्या टोपल्या विणायला शिकला. त्याचे दंड ओंडक्यासारखे झाले. एका माघात त्याची बायको अनुसया येसाजीच्या दारात आली.

"भावजी, ह्यांना कोंडात उतरायचं हाय," ती म्हणाली. "दोर अण्णानंच बांधायचा म्हणत्यात. न्हाईतर न्हाई."

पायांत जीव नसलेल्या माणसानं खाली जाऊन करायचं काय, असं येसाजीनं विचारलं. मग म्हणाला, ज्यानं बांधलेल्या दोरावरून तो पडला, त्याच्याकडंच तू कशी आलीस?

"पडल्याचं ते कधी काढत न्हाईत," अनुसया म्हणाली. "अण्णा येत न्हाई, एवढंच काढत्यात."

दुसऱ्या दिवशी येसाजी कोयता घेऊन केवण तोडायला गेला. दोर वळताना पेडाचं दुसरं टोक त्याच्या बायकोनं, पुतळीनं, धरलं होतं. नवऱ्याचे डोळे वाहताहेत हे तिनं पाहिलं. ती पीळ देत राहिली.

तालमीच्या दिवशी चौघांनी डोलीतून कृष्णाला गुहेत नेलं. चुडी पेटल्या. येसाजीनं हातात गोटा घेऊन एकेक दगड ठोकला, कान लावून ऐकला. छतापासून जमिनीपर्यंत गेलेला एक जाड खांब त्याला पटला. दोर त्याला बांधला आणि तिथून मागच्या दुसऱ्या खांबालाही नेऊन आवळला, म्हणजे एक गेला तरी दुसरा धरील. मग दोन धिप्पाड गड्यांना दोराला लोंबकळायला लावलं. दोर हलला नाही.

येसाजीनं कृष्णाला दोराच्या टोकाच्या फळीवर बसवून त्याच्या कमरेला फेरा घातला. इतक्या वर्षांत तो त्याला पहिल्यांदाच शिवत होता.

"हात गार पडल्यात तुझे, अण्णा," कृष्णा हळूच म्हणाला.

"लई वाळलास रं खालून," येसाजी म्हणाला. निरगाठ त्यानं दोनदा तपासली.

दोर त्यानं स्वतःच्या हातांनी सोडला, मागं बाकीचे धरून होते. कृष्णा हातांनी कडा ढकलत खाली गेला. बऱ्याच वेळानं तळाशी उजेड दिसला. दिवा लागला होता. वर ओढू का, असं येसाजीनं ओरडून विचारलं.

खालून कृष्णाचा आवाज आला, "मला घाई न्हाई. तूच ये खाली. देव बघितलास का कधी?"

लोक येसाजीकडं बघू लागले. त्यानं डोक्याचं फडकं कमरेला आवळलं आणि दोर धरला. उतरताना त्याचे डोळे मिटलेले होते, असं जवळचे सांगत.

दोघं भाऊ खाली बराच वेळ बसले. काय बोलले ते वर कुणाला कळलं नाही. मध्येच एकदा कृष्णाचं मोठमोठ्यानं हसणं आलं आणि त्यात येसाजीचंही मिसळलं. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या अनुसयानं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर येसाजी सवड मिळाली की भावाला पाठीवर घेऊन रानातून कॅसलरॉकच्या स्टेशनापर्यंत चढून जाई. कृष्णाला गोव्याकडं उतरणारी गाडी बघायची हौस होती. गाडी गेली की दोघं तिथंच दगडावर बसून राहत, आणि धूर विरला की येसाजी पुन्हा त्याच्यापुढं पाठ वाकवी. मोठ्या तापाच्या साथीत कृष्णा गेला. तोवर त्यांनी अशा पुष्कळ गाड्या बघितल्या होत्या.