पहिली पाट कुणाची

आक्काताई पोळ यांना कुणी समाजसेविका म्हटलं की त्या पदर खोचून विचारतात, समाजाची कसली सेवा, शेळ्यांची म्हणा. खोटं नाही ते. एकतीस वर्षं भोजेवाडीच्या अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली, निवृत्त होऊन जरा कुठं टेकतात तोच ब्रिजिट नावाची आयरिश बाई दारात उभी. तेव्हापासून सहा वर्षं आक्काताई चाळीस शेळ्यांच्या मागं आहेत. पगार नाही. ब्रिजिट दर हिवाळ्यात त्यांच्यासाठी स्वतः विणलेल्या लोकरी मोज्यांची एक जोडी आणते. माण तालुक्याच्या उन्हात त्याचं काय करायचं, हे आक्काताईंनी अजून विचारलेलं नाही.

ब्रिजिट तिकडं जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली नर्स होती. ओळखीच्यांच्या लग्नाला साताऱ्यात आली, कुणीतरी तिला दहिवडीकडचा माळ दाखवला आणि बाईच्या डोक्यात शेळी शिरली ती शिरलीच. घरी जाऊन तिनं केक विकले, जुने कपडे विकले, मैत्रिणींना गोळा करून छोटी संस्था काढली. गावानं तिची ब्रिजाबाई केली. योजना अगदी सोपी होती. गरजू बाईला एक उस्मानाबादी शेळी फुकट द्यायची. त्या शेळीला जी पहिली मादी होईल, आपल्याकडं तिला पाट म्हणतात, ती जरा मोठी झाली की यादीतल्या पुढच्या बाईला द्यायची. दुसरीपासून सगळं ज्याचं त्याचं. हा नियम आक्काताईंनी स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिला, समाजमंदिरात मोठ्यानं वाचून दाखवला आणि सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

आता, आपल्याकडं मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच. ते पटलं असं नव्हे. हे ब्रिजिटला कळायला दोन वर्षं गेली. दहाची मीटिंग बाराला भरते हेही कळलं, पण पचलं नाही. ती पावणेदहाला समाजमंदिराच्या पायरीवर बसायची आणि येईल त्या बाईला घड्याळ दाखवायची. बाई कौतुकानं घड्याळ बघायची आणि चांगलं आहे म्हणायची. शेळ्यांच्या लशींचा डबा शाळेच्या फ्रिजमध्ये आणि फ्रिजची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, ते लग्नाला कराडला. घरोघरी शेळ्या बघायला जावं तर घरोघरी चहा. नको म्हटलं तर बाईमाणूस रुसतं, हो म्हटलं तर दुपारपर्यंत अकरा कप पोटात जातात.

फोटोंचा तर वेगळाच ताप. देणगी देणाऱ्यांना फोटो पाठवावे लागतात. फोटो निघणार म्हटल्यावर बायका नाहून-धुऊन, शेजारणीचं गंठण मागून घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून, आधारकार्डाला बसतात तशा ताठ बसल्या. तिकडून पत्र आलं, या बायका गरीब दिसत नाहीत आणि आनंदीही दिसत नाहीत. ब्रिजिटनं ते आक्काताईंना वाचून दाखवलं. आक्काताई म्हणाल्या, त्यांना कळवा, फोटोत दात काढायला आमी काय टूथपेस्ट इकतोय? ब्रिजिटनं ते शब्दशः कळवलं म्हणतात.

तरीही बाई दरवर्षी यायचीच. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी बनुबाईची शेळी अडली. करडू आडवं. ब्रिजिटनं बाह्या सारल्या, हाताला साबण फासला आणि तासाभरात ओलं, थरथरतं करडू बनुबाईच्या पुढ्यात ठेवलं. बनुबाईनं तिचे हात आपल्या पदरानं पुसले. त्या दिवसापासून गाव ब्रिजाबाईला रागावू लागलं, जेवत का नाही, वाळलीस किती म्हणून. आपल्याकडं माणूस आपलं झालं याची दुसरी खूण नाही.

यंदाच्या जानेवारीत मात्र ब्रिजिट आली ती चेहरा पाडून. संस्थेच्या विश्वस्तांनी विचारलं होतं, शेळ्या दिल्या, पण पाटी पुढं गेल्या का? मार्चपर्यंत दाखला द्या, नाहीतर पुढचा कळप दुसऱ्या देशाला. शेळ्यांच्या नोंदीची वही उघडली तर अठरा घरी पाट झालेली आणि पुढं गेलेल्या फक्त तीन.

यादीत सगळ्यात वर तानुबाईचं नाव. अडुसष्ट वर्षांची, एकटी. मूल नाही, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी नाव लागलं तेव्हाच तिनं बाभळीच्या काट्याचं कुंपण घालून ठेवलं होतं. दर सोमवारी खुरपणीला जाताना आक्काताईंच्या दारावरून ओरडून जायची, “आलं का गं माजं शेरडू?” आणि उत्तराला न थांबता पुढं जायची.

मग बाकीच्या पंधरा गेल्या कुठं? ब्रिजिट घरोघरी फिरली. प्रत्येक घरी एकच उत्तर, लांडग्यानं नेली. बनुबाईची खरंच नेली होती, दोन सालांमागं, भरदिवसा. तिचं रडणं सगळ्या गावानं ऐकलं होतं आणि ते कारण गावाला सोयीचं पडलं. ब्रिजिटचा मात्र अक्षरशः विश्वास बसला. पंधरा करडं! तिनं नकाशा काढला, लाल ठिपके दिले, वनखात्याला अर्ज लिहायला घेतला. विश्वस्तांना कळवायचं ठरवलं की आधी प्रत्येक घराला जाळीचा गोठा हवा. डोळ्यांत पाणी आणून ती आक्काताईंना म्हणाली, “या बायकांनी किती सोसलं, आणि मी त्यांच्यावर संशय घेतला.”

आक्काताईंनी त्या दिवशी भाकरी तशीच झाकून ठेवली. कारण वहीत पहिल्याच पानावर, एक नंबरच्या शेळीपुढं, त्यांच्या स्वतःच्या ठसठशीत अंगणवाडी अक्षरात लिहिलं होतं: लांडग्याने नेली. आणि एक नंबरची शेळी, बाकीच्या बायकांना भरवसा यावा म्हणून आधी दावणीला बांधलेली, त्यांचीच होती.

नवरा हंबीरराव, फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले. खाटेवरून म्हणाले, “सांगून टाक. बॉर्डरवर बी यवढं खोटं चालत न्हाई.”

“तुमी गप चा प्या,” आक्काताई म्हणाल्या. पण रात्रभर कूस बदलत राहिल्या. अर्ज वनखात्यात गेला की मग खोटं एका वहीचं राहणार नव्हतं. सकाळी त्या ब्रिजिटच्या खोलीवर गेल्या आणि म्हणाल्या, “चला ब्रिजाबाई, तुमाला लांडगा दावते.”

म्हसवडमार्गे एसटी बदलत दोघी आटपाडीला उतरल्या. म्हणजे सातारा जिल्हा सोडून सांगलीत. तिथं आक्काताईंची लेक प्रांजल दिलेली. अंगणात लिंबाखाली एक काळीभोर शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, गाभण. ब्रिजिटनं ती करडू असताना बाटलीनं दूध पाजलेली होती. ब्रिजिट खाली बसली आणि तिनं त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

प्रांजलला काय ठाऊक. ती हौसेनं सांगत सुटली, आईनं दिलीय, आता पयल्यांदाच व्यायची हाय, माज्या नावाची. सासूबाई दारातून म्हणाल्या, इवल्याशा करडाची येवढी केली पोरीनं, आता इचं दूध इकून स्वतःच्या मोबाईलचं स्वतः भागवंल, नवऱ्यापुढं हात नको. त्यांनी शेळीचं कौतुक केलं, पोह्यांच्या बश्या भरल्या, आणि आक्काताई जमिनीकडं बघत पोहे चिवडत बसल्या.

एसटी परतीला लागली, दिघंची गाव मागं पडलं. मग ब्रिजिट तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली, “वहीत तुम्ही लांडगा लिहिलं.”

“लिवलं.”

“नियमही तुम्हीच लिहिला.”

“व्हय. आन मीच वाचला.” आक्काताईंनी खिडकीची काच सरकवली, ती सरकली नाही. “ब्रिजाबाई, घरातलं पयलं चांगलं लेकीला जातं. पयली कालवड, पयली पाट. घरात ठिवली तर लबाडी. लेकीला दिली तर ती लबाडी हाय, हे आमच्या कुणाच्या डोस्क्यातच आलं न्हाई. कुणाची वडूजला गेली, कुणाची जतला, कुणाची पार कराडाला. येक बी इकली न्हाई, येक बी कापली न्हाई.”

“मग खोटं कशाला?”

“तुमी इचारलं तवा उमगलं, तुमाला हे चालायचं न्हाई. मग लाज वाटली.”

ब्रिजिटनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. रागावली होती, आणि रागावायचा हक्क होता तिला. ती म्हणाली, “आणि जिला लेक नाही, आई नाही, तिला कोण देणार? तानुबाईला?”



दुसऱ्या दिवशी मीटिंग बोलावली. दहाची, आणि पायरीवर आक्काताई पावणेदहाला. सगळ्या जमल्यावर त्यांनी वही उघडून स्वतःची ओळ खोडली आणि मोठ्यानं वाचत नवी लिहिली: प्रांजल, आटपाडी. थोडी कुजबुज झाली. मग शेळी मिळालेल्यांतली राजनंदिनी उठली, वडूज म्हणाली. मग कुणी जत, कुणी विटा. बनुबाई तेवढी खरी निघाली आणि दिवसभर सगळ्यांना ते ऐकवत बसली.

ब्रिजिटनं विश्वस्तांना सगळं खरं लिहिलं. लांडग्यासकट. उत्तर आलं ते अर्धं गोड होतं. पुढचा कळप मिळेल, पण निम्मा. आणि लेकींना गेलेल्या पाटी माघारी मागू नयेत, मात्र त्या शेळ्यांना यापुढं होणारी पहिली पाट यादीला. ब्रिजिटला अर्ध्याचं वाईट वाटलं. आक्काताई म्हणाल्या, आमच्यावर चौकशी बसवली न्हाई ह्येच लय.

पण पुढची पाट होणार कधी, मोठी होणार कधी? आक्काताईंनी हिशेब घातला आणि सहन होईना. सोमवार उजाडायच्या आत त्यांनी दावणीची एक नंबरची शेळी सोडली. कानात पिवळा बिल्ला, सहा वर्षांत चार वेतं झालेली, घरात चहाला दूध पुरवणारी. हंबीररावांनी विचारलं, आता चा कशाचा? काळा प्या, फौजेत पीतच होता, असं म्हणून त्या निघाल्या. शेळी वाटेत तीनदा अडली, एकदा कुणाच्या तरी तुरीत घुसली.

तानुबाई खुरपं घेऊन निघतच होती. शेळी बघून ती आधी कुंपणाच्या काट्या नीट करू लागली, मग जवळ आली. आनंद वगैरे काही दाखवला नाही. शेळीचं तोंड उघडून दात पाहिले, कास चाचपली.

“म्हातारी हाय की गं ही.”

“तू कवळी हाईस व्हय?”

“करडू म्हनली हुतीस दोन वरीस.”

“करडाच्या बदली आई आणली. गाभण हाय. नको आसंल तर नेते माघारी.”

“आणलेली माघारी न्हेतात व्हय?” तानुबाईनं दावं हातातून ओढूनच घेतलं आणि खुंट्याला दोन गाठी मारल्या. खुरपं बाजूला ठेवलं. आज कामाला जायची नव्हती ती. पाण्याची बादली आणली, शेळीपुढं धरली, शेळीनं तोंड घालेपर्यंत तशीच वाकून उभी राहिली. मग आक्काताईंकडं न बघताच तिनं विचारलं, इला पाट झाली तर कुणाला द्यायची?

यादीत तानुबाईखाली नाव होतं साक्षीचं. तिच्याच शेजारची नवी सून. गेल्या पावसाळ्यापासून सांडपाण्यावरून दोघींचं बोलणं बंद. आक्काताईंनी नाव सांगितलं.

“तिला?” तानुबाई ताठ झाली. “त्या भवानीला माज्या शेळीचं?”

“नियम हाय.”

“कुनी लिवला?”

“मी.”

तानुबाईनं शेळीच्या पाठीवरचं गोचीड काढलं, नखानं चिरडलं, पुन्हा पाठीवर हात फिरवला. समोरच्या दारात साक्षी उभी राहून हे सगळं बघत होती, हातात राख लावलेलं भांडं तसंच.

“हिकडं ये गं,” तानुबाई तिच्यावर खेकसली, “लांबनं काय बघतीस? गाभण शेरडाला काय घालायचं, ठावं हाय का तुला? उद्या माज्या नातीची उपासमार करशील.”