माजघरातला पांढरा उजेड

आम्ही कोपरीला बिऱ्हाड केलं तेव्हा हे ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून यांनी फोटो काढायची पेटी घेतली. माणसांचे फोटो काढावेत, तर ते नाही. रविवारी दुपारी माजघराचं दार आतून लावून बसायचे. मला बजावायचे, "दार वाजवू नकोस. बाहेरचा उजेड आत यायला नको."

पुढे घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. लिंबं, नारळ, पूजेचा तांब्या. संध्याकाळी सगळं जागेवर परत यायचं, पण तांब्यावर पांढरी राख बसलेली असायची. यांची बोटं काळवंडली होती. विचारलं तर म्हणायचे, "औषधाचे डाग आहेत." कसलं औषध, ते नाही सांगायचे.

शेजारच्या मिठागरवाल्यांची बाई आमच्याकडे दूध घालायची. एके दिवशी ती पायरीवरच थांबली.

"बाय गो, तुजे घरान काय चाललंय? काल भर दुपारी फटीतून वीज चमकली. मागून धूर आला."

"फोटो काढतात," मी म्हटलं.

"कोनाचा?"

"लिंबांचा. नारळाचा."

ती दुधाचं भांडं पायरीवर ठेवून निघून गेली. त्या चैत्रात माझ्या हळदीकुंकवाला आळीतली एकही बाई आली नाही.

खरं सांगायचं तर मलाही धीर नव्हता. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. हे कुणा मांत्रिकाच्या नादी लागले असतील का? की दुसरी आणायचं मनात असून माझ्यावरच काही करत असतील? यांच्या पानात वाढताना मी तोंडाकडे बघत राहायची. अशातच माहेरून आणलेला माझा मलमलीचा शेला कपड्यांच्या पेटीतून गेला.

त्या रविवारी एकटीनं आत जायची हिंमत झाली नाही. मी शेजारणीला हाताला धरून आणलं आणि दार ठोठावलं.

यांनी बऱ्याच वेळानं कडी काढली. पाटावर लिंबं, नारळ, तांब्या मांडलेला. बाजूला दोन काठ्यांना माझा शेला ताणून बांधला होता.

"हे काय?" मी विचारलं.

हे ओशाळले. दिव्यावर एक चपटी तार पेटवली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडला, शेजारणीनं माझं मनगट घट्ट धरलं. तार शेल्याच्या मागे नेली तशी भिंतीवरची काळी सावली विरघळून गेली.

"नुसत्या मॅग्नेशियमच्या तारेनं सावली फार कठोर येते," हे म्हणाले. "कापडातून उजेड गाळून घ्यावा लागतो."

मग औषधात धुतलेले दोन फोटो दाखवले. एकात लिंबं पिठात बुडवल्यासारखी पांढरीफटक. दुसऱ्यात सालीवरचे बारीक खड्डेसुद्धा दिसत होते.

शेजारणीनं फोटो दाराच्या उजेडाकडे धरला. "लिंबू खरं हाय. पन याचा उपेग काय?"

हे उरलेली तार गुंडाळू लागले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"हसशील म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून दूध पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत येऊ लागलं. आळीत तिनं काय सांगितलं कोण जाणे, बायका हळूहळू आल्या, पण माजघराकडे पाठ करून बसायच्या. रविवारी शेला धरायला मी आत जाऊ लागले. साक्षीला शेजारीण का आणली होती, हे यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं नाही.